'कळलं नाही' म्हणून उठू नका

एम. एफ. हुसेन यांचा 'मीनाक्षी : अ टेल ऑफ थ्री सिटीज' हा सिनेमा एप्रिल २००४ मध्ये लागला. गोष्ट आपल्या हैदराबादची. नवाब नावाचा एक कादंबरीकार आहे. पाच वर्षं झाली, त्याच्या हातून पुस्तक उतरलेलं नाही. त्याला मीनाक्षी भेटते. अत्तरं विकणारी, फटकळ, कुणाचं दडपण न घेणारी. तो तिच्यावर लिहायला बसतो आणि त्याच्या लिहिण्यातून तीच बाई कधी जैसलमेरच्या वाळूत, कधी थेट प्रागमध्ये दिसू लागते. तिन्ही रूपांत तब्बू, म्हणजे आपल्या हैदराबादचीच मुलगी. नवाबाच्या कामात रघुवीर यादव, संगीत ए. आर. रहमान यांचं, कॅमेरा संतोष सिवन यांचा, आणि कलादिग्दर्शनासाठी शर्मिष्ठा रॉय यांना राष्ट्रीय पुरस्कार. तरीही आपल्या मराठी घरांतून या सिनेमाविषयी ठरलेलं एकच वाक्य ऐकू येतं: गाणी छान आहेत, पण कळलं काही नाही.

हे वाक्य बदलावं म्हणून मी लिहिते आहे. काचीगुडा, सुलतान बाजार भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबं असोत, की नोकरीसाठी पुण्या-नागपुराहून कुकटपल्ली, गच्चीबावलीत आलेली तरुण जोडपी, सगळ्यांना माझी विनंती आहे. असे सिनेमे पाहा. अर्ध्यातून उठू नका. आणि पडद्यावरची ती बाई कोण आहे, तिचं काय चाललंय, हे तुमचं तुम्ही ठरवा. त्यासाठी चित्रकलेचा अभ्यास लागत नाही, इंग्रजी समीक्षा वाचावी लागत नाही. डोळे लागतात आणि थोडी सबुरी लागते.

कळत नाही असं आपल्याला वाटतं, कारण आपण गोष्टीच्या मागे धावतो. पुढे काय झालं, लग्न झालं का, कोण मेलं. गोष्ट हाताला लागली नाही की आपण हात टेकतो. पण हुसेन यांच्यासारखा माणूस सिनेमा काढतो तेव्हा गोष्ट हे त्याचं मुख्य काम नसतं. जन्म पंढरपूरचा, तरुणपणी मुंबईत सिनेमाची मोठमोठी पोस्टरं रंगवून पोट भरलेलं. कापड, रंग, चालण्याची ढब, हातातली वस्तू यांतून तो बोलतो. तेव्हा पहिल्यांदा पाहताना 'पुढे काय' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि 'पुन्हा काय आलं' हा प्रश्न धरा. जी वस्तू एकदा दिसली ती सजावट असू शकते. तीच तिसऱ्यांदा आली तर ती मुद्दाम ठेवलेली आहे, तिच्याकडे नीट बघा.

सवय व्हावी म्हणून हुसेन यांच्या एका छोट्या फिल्मपासून सुरुवात करा: 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर'. फिल्म्स डिव्हिजनसाठी १९६७ मध्ये त्यांनी ती राजस्थानात केली आणि त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात लघुपटाचा सर्वोच्च मान, गोल्डन बेअर, तिला मिळाला. संवाद नाहीत. छत्री, कंदील, जोडा, गाय, माणसं, भिंती. एवढंच. एकच वस्तू वेगवेगळ्या जागी पुन्हा दिसते आणि दर वेळी आपल्याला तिच्याविषयी काहीतरी वेगळं वाटतं. छत्रीचा अर्थ काय, असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. छत्री उन्हात उघडी पडलेली पाहून मनात काय आलं, असं विचारलंत तर उत्तर तुमच्याजवळच असेल.

'गजगामिनी' त्यानंतर घ्या. सन २०००, माधुरी दीक्षित, कॅमेरा अशोक मेहता यांचा, संगीत भूपेन हजारिका यांचं. काशीची आंधळी गाणारी संगीता, कालिदासाची शकुंतला, लिओनार्दोची मोनालिसा आणि नव्या काळातली मोनिका, अशा चार रूपांत माधुरी येते. या चौघींच्या मागे एक पाचवी आहे: डोक्यावर गाठोडं घेऊन, आपल्याकडे पाठ करून चालत जाणारी बाई.

ही पाठ का? हुसेन अगदी लहान असताना त्यांची आई गेली. तिचा चेहरा आठवत नाही आणि घरात तिचा फोटोही नव्हता, असं ते आयुष्यभर सांगत आले. त्यांच्या चित्रांतल्या कितीतरी बायकांना चेहरा नाही. मदर तेरेसांच्या चित्रमालिकेत पांढरी साडी आहे, निळे काठ आहेत आणि पदराच्या आत, चेहऱ्याच्या जागी, नुसता काळोख. हे माहीत असलं की पाठमोरी माधुरी बघताना घशात काहीतरी अडकतं. ज्या नटीच्या हसण्यावर देश फिदा होता, तिचा चेहराच हा माणूस लपवतो आहे.

पण इथेच थांबू नका. चित्रकाराच्या आयुष्यातली किल्ली लावली की सगळी कुलपं उघडली असं होत नाही. बायकांनी तर या ठिकाणी आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: त्या गाठोड्याला वजन आहे का? डोक्यावर ओझं घेऊन चाललेल्या बाईची मान कशी ताठते, एक हात वर धरून खांदा कसा भरून येतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, आपल्या आज्या-मावश्यांनी अनुभवलंय. 'गजगामिनी'तलं गाठोडं मला त्या मानेवर जाणवत नाही. ते काळाचं, संस्कृतीचं, इतिहासाचं गाठोडं आहे असं दिग्दर्शक सांगतो आणि मी ते मान्यही करते. पण बाई त्याखाली दमत नाही. ती सुंदर चालते. चित्र म्हणून ते मनात राहतं. बाई म्हणून ती माझ्या हाती लागत नाही. तुमचं मत वेगळं होऊ शकेल. तुमची मुलगी म्हणेल, उलट तिची चाल हीच तिची ताकद आहे. त्यावर भांडा, पण गाठोडं पाहून भांडा.

मराठी माणसाला प्रतीकं वाचता येत नाहीत, हे मी मुळीच मानत नाही. आपण रोज वाचतो. एरवी शुभकार्याला काळी साडी नको म्हणणारी आपली माणसं संक्रांतीला नव्या सुनेला हौसेने चंद्रकळा नेसवतात. रंग तोच, दिवस बदलला की अर्थ उलटा. हिरवा चुडा दिसला की ती नवी नवरी आहे हे पोरांनासुद्धा सांगावं लागत नाही. हैदराबादेत राहून तर आपण आणखी दोन-तीन लिप्या शिकलो आहोत. दसऱ्याआधी बतकम्मा येते, तंगेडूच्या पिवळ्या फुलांचे थर लागतात, बायका त्याभोवती फेर धरतात, आणि आपल्याला आपला भोंडला आठवतो. बोनालुला डोक्यावर कडुनिंब लावलेलं मडकं घेऊन चाललेली बाई दिसली की ती पाणी भरून आणत नाहीये, देवीला नैवेद्य नेते आहे, हे कळतं. शेजारच्या मुस्लिम घरातल्या लग्नात खडा दुपट्टा पाहिला की नवरी कोण ते कळतं. हे सगळं ज्ञान थिएटरच्या दारात सोडून आत जाऊ नका. ते बरोबर घेऊनच बसा.

आणि जमलं तर सिनेमाआधी एक रविवार सालारजंग म्युझियमला जा. तिथे दोन पुतळे आहेत. एक 'व्हेल्ड रिबेका', इटालियन शिल्पकार बेन्झोनी यांनी घडवलेली. संगमरवराचा बुरखा इतका झिरझिरीत की खालचा चेहरा दिसतो. लोक कारागिरीला दाद देतात आणि पुढे सरकतात. तुम्ही थांबा. बायबलमधली ही रिबेका आपला होणारा नवरा दुरून दिसताच तोंडावर पदर घेते. आता विचार करा: तिने तोंड झाकलं आणि शिल्पकाराने मात्र आपल्याला तिचं तोंड दाखवलं. तिची लाज कुणाच्या कौतुकाची झाली?

दुसरा पुतळा लाकडाचा, एकाच ओंडक्यात कोरलेला. समोरून मेफिस्टोफिलीस, गटेच्या 'फाउस्ट'मधला सैतान, छाती काढून उभा. त्याच लाकडाच्या मागच्या बाजूला त्याच नाटकातली मार्गारेटा, मान खाली, हातात प्रार्थनेचं पुस्तक. ती आपल्याला थेट दिसतच नाही, मागे लावलेल्या आरशात दिसते. पुरुष समोर, बाई आरशात. एवढं एक चित्र नीट पाहिलंत तर प्रायोगिक सिनेमा पाहायची अर्धी तयारी झाली. तिथे पोरांना घेऊन जा आणि त्यांना काही सांगू नका. ती स्वतःच विचारतील, ही मागे का?

आता 'मीनाक्षी'कडे परत येऊ, कारण माझा मुख्य मुद्दा तिथे आहे. आमच्याकडे काही जणी मिळून हा सिनेमा पाहत होतो. तब्बूच्या कपड्यांचं, रंगांचं कौतुक चाललं होतं. शेजारच्या काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, ही बाई करते काय? पोटापाण्याचं काय हिचं?" कुणीतरी म्हणालं, "काकू, ती अत्तर विकते ना." काकू म्हणाल्या, "हां, मग ठीक आहे. मग ती कुणाच्या दारात उगाच बसणार नाही."

मला वाटतं, या सिनेमावर यापेक्षा नेमकं कुणी बोललं नसेल. जगभरच्या कलेत पुरुष कलावंताला एक बाई लागते, जी त्याला सुचवते, चेतवते आणि स्वतः मात्र काही करत नाही. ती फूल असते, चांदणं असते, सुगंध असते. मीनाक्षी सुगंध नाही, ती सुगंध विकते. चारमिनारच्या आसपासच्या अत्तराच्या दुकानात कधी गेला असाल तर आठवा. काचेच्या कांडीने मनगटावर थेंब लावतात, थोडं थांबायला सांगतात, मग वास घ्यायला सांगतात. भाव ठरतो, घासाघीस होते. त्या धंद्यात मुरलेल्या बाईला खरं-खोटं पारखता येतं. म्हणून नवाबाचं लिखाण वाचून ती भुलत नाही. गोष्टीची सुरुवात तिला आवडत नाही. तिच्यासाठी त्याने रचलेला प्रियकर कामेश्वर तिला कच्चा वाटतो. ती नावं ठेवते आणि लेखकाला पुन्हा लिहायला लावते. लेखकाने निर्माण केलेली बाई लेखकावर हुकूम चालवू लागते.

इथे हुसेन 'गजगामिनी'च्या पुढे गेले आहेत, असं मी ठामपणे म्हणेन. तिथली बाई चालत राहिली, इथली परत फिरून उत्तर देते. तरीही माझी एक तक्रार उरते. जैसलमेर आणि प्रागमध्ये ती पुन्हा रंगांत आणि गाण्यांत विरघळते. तिचा फटकळपणा जिथे जिथे ओसरतो तिथे सिनेमाही ढिला पडतो. पाहताना ही जागा तुमची तुम्ही शोधा. एक सोपी युक्ती सांगते. 'ये रिश्ता' हे गाणं एकदा आवाज बंद करून बघा. सूर गेले की तब्बू नुसती सजून समोर आहे, की तिचं स्वतःचं काही चाललंय, ते लगेच दिसतं.

आणि मग, दम धरून, 'दासी' पाहा. बी. नरसिंग राव यांचा १९८८ चा तेलुगू सिनेमा. त्याला पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले: उत्कृष्ट तेलुगू चित्रपट, अर्चना यांना अभिनयासाठी, ए. के. बीर यांना छायाचित्रणासाठी, शिवाय वेशभूषा आणि कलादिग्दर्शन. कलादिग्दर्शन कुणाचं? थोटा वैकुंठम यांचं. हो, तेच. ठसठशीत कुंकू, नाकात दागिना, लाल-हिरव्या साड्यांतल्या तेलंगणी बायका रंगवणारे वैकुंठम. त्या चित्रांची कॅलेंडरं आणि छापील प्रती हैदराबादेत दिवाणखान्यांपासून हॉटेलांपर्यंत लागलेल्या असतात. 'दासी'त त्या चित्रांमधला उत्सव नाही. गढीच्या आतला अंधार आहे.

निजामाच्या काळातली तेलंगणातली एक गढी. कमलाक्षी ही तिथली वेठबिगार दासी. दोराचं, म्हणजे जमीनदाराचं घरकाम तिने करायचं आणि रात्री बोलावणं आलं की तिने जायचं. बोलणं फार थोडं. कॅमेरा घाई करत नाही. ती काम करत असते आणि आपण ते काम होईपर्यंत बघत राहतो. इथे पुष्कळ जण कंटाळतात. कंटाळा आला तर येऊ द्या, फक्त उठू नका. तिच्या दिवसाची लांबी आपल्याला अंगावर घ्यायला लावणं हाच त्या संथपणाचा हेतू आहे. इथे वस्तूंना वजन आहे. भांडं उचललं की ते जड आहे हे कळतं. दार बंद झालं की ते तिच्यासाठी बंद झालं हे कळतं. ती गरोदर राहते तेव्हा तो गर्भही तिचा राहत नाही, तो पाडायला तिला भाग पाडलं जातं. एवढं सोसणाऱ्या बाईच्या तोंडी दिग्दर्शकाने भाषण दिलेलं नाही. तिचा चेहरा आणि तिचे हात यांवर त्याने भरवसा ठेवला.

आपण मराठी लोकांनी हा सिनेमा परक्याचा समजू नये. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगणा एकाच हैदराबाद राज्यात होते. देशमुखांच्या गढ्या नांदेड-परभणीकडेही होत्या. तुमच्या घरात त्या बाजूची एखादी वृद्ध आजी असेल तर तिला सिनेमा दाखवून विचारा, गढीत कामाला कोण असायचं, त्यांना कशी हाक मारायचे, त्या कुठे जेवायच्या. कदाचित आजी सांगेल, कदाचित विषय बदलेल. दोन्हींतून काही कळेल.

श्याम बेनेगल यांचा 'अंकुर' (१९७४) याच मातीतला. बेनेगल हैदराबादचे, निजाम कॉलेजचे विद्यार्थी. शबाना आझमींचा हा पहिला सिनेमा आणि त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार. तो प्रायोगिक म्हणता येणार नाही, सरळ गोष्ट आहे. पण त्याचा शेवट इथे कामाचा आहे. जमीनदार लक्ष्मीच्या मुक्या-बहिऱ्या नवऱ्याला चाबकाने मारतो, लक्ष्मी जमीनदाराला तळतळून शिव्याशाप देते, आणि मग एक लहान मुलगा त्या घराच्या खिडकीवर दगड भिरकावतो. पडदा लाल होतो. लाल म्हणजे क्रांती, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते चूक नाही. पण लक्ष्मी सिनेमाच्या सुरुवातीला देवीपुढे मूल मागायला उभी होती, हे आठवत असेल तर त्या लालमध्ये आणखी पुष्कळ काही दिसतं. कुठलं तरी एकच उत्तर निवडायचं बंधन तुमच्यावर नाही. तो लाल रंग कुणाच्या पाठीवरच्या वळांनंतर आला, एवढं विसरू नका.

आणखी एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगायचं आहे. 'मीनाक्षी'तल्या 'नूर-उन-अला' या कव्वालीच्या शब्दांना काही मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला आणि हुसेन यांनी सिनेमा थिएटरांतून काढून घेतला. त्याआधी नव्वदच्या दशकात देवींच्या चित्रांवरून हिंदू संघटनांनी त्यांच्याविरुद्ध रान उठवलं होतं. २००६ मध्ये ते देशाबाहेर गेले आणि २०११ मध्ये लंडनमध्ये वारले. हाच माणूस समाजवादी नेते राममनोहर लोहिया यांच्या सांगण्यावरून हैदराबादेत लोहियांचे सहकारी बद्रीविशाल पित्ती यांच्याकडे राहून रामायणावर चित्रं काढत होता. बंजारा हिल्समध्ये चित्रं आणि छोटं थिएटर असलेलं 'सिनेमा घर' त्याने उभारलं, तेही पुढे बंद पडलं. तुम्हाला एखादं चित्र, एखादं दृश्य दुखवत असेल तर तो तुमचा हक्क आहे, ते बोलून दाखवा. पण फॉरवर्ड आलेल्या मेसेजवरून मत बनवू नका. आधी स्वतः बघा, पूर्ण बघा, मग रागवा. न पाहता रागावणारे आणि न पाहता कौतुक करणारे, दोघांनीही या माणसाच्या कामाचं सारखंच नुकसान केलंय.

आता करायचं काय, ते सांगते. वाचनालयाच्या सभागृहात, मंडळाच्या खोलीत, भिशीच्या बैठकीत, नाहीतर कुणाच्याही हॉलमध्ये सात-आठ जण जमा. मोठा मेळावा नको. पहिल्या बैठकीला हुसेन यांची छोटी फिल्म, ती लहान आहे म्हणून दोनदा. दुसऱ्या बैठकीला 'मीनाक्षी'. तिसऱ्या बैठकीला 'दासी', आणि त्या दिवशी लहान मुलांना आणू नका, कॉलेजातल्या मुलामुलींना मात्र आवर्जून आणा. प्रत्येक वेळी सिनेमा संपल्यावर निदान अर्धा तास ठेवा. पहिली फेरी फक्त 'काय दिसलं' याची: प्रत्येकाने एक दृश्य सांगायचं, अर्थ सांगायचा नाही. कुणी साडीचा काठ सांगेल, कुणी पायातली चप्पल. दुसऱ्या फेरीत त्या बाईविषयी बोला. ती काय काम करते, तिच्याकडे कोण बघतं, ती कुणाकडे बघते, ती नाही म्हणते तेव्हा काय होतं. ज्यांनी चित्रकलेवर वाचलेलं आहे त्यांनी शेवटी बोलावं. पुरुष मंडळींना विनंती, पहिल्या फेरीत घरच्या बाईचं वाक्य पुरं होऊ द्या, ते समजावून सांगायला घेऊ नका.

आणि चहा आधीच करून थर्मासमध्ये भरून ठेवा. ज्यांच्या घरी जमाल त्या वहिनींना मध्ये एकदाही उठावं लागू नये.